रात्रीचा निळा दिवा लावण्याआधी

माशांची टाकी घेताना दुकानात पाण्यावर, फिल्टरवर, किती मासे ठेवायचे यावर जेवढं बोलणं होत नाही तेवढं दिव्याच्या रंगावर होतं. निळा बरा की गुलाबी, की रिमोटवर रंग बदलणारी पट्टीच घ्यावी? वडोदऱ्यात मी बरीच वर्षं मासे पाळते आहे, म्हणून ओळखीची मंडळी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांना रंगाआधी एक गोष्ट विचारते: रात्री दिवा किती वाजता बंद होणार? बहुतेकांच्या मनात तो बंद करायचंच नसतं. रात्रभर हॉलमध्ये मंद निळा उजेड राहावा, एवढ्यासाठीच तर तो घेतलेला असतो.

माझा धाकटा भाऊ दांडिया बाजारात राहतो. मुलांच्या हट्टाखातर त्याने दोन फुटी टाकी आणली आणि तिच्यात गोल्डफिश सोडले. दुकानदाराने सांगितलं, "रात्रे ब्लू ज राखजो, चांदनी जेवुं लागशे." म्हणजे, रात्री निळाच ठेवा, चांदण्यासारखं वाटेल. दोघं नवराबायको नोकरीवाले, मुलं शाळा-क्लासमध्ये. टाकीसमोर सगळे बसायचे ते रात्री जेवणं आटोपल्यावर, म्हणजे निळ्या उजेडात. पांढरा दिवा लावायची वेळ क्वचितच यायची. एके दिवशी वहिनीचा फोन आला, "ताई, मासे तळाशी बसून राहतायत, खाणंही सोडलंय. येऊन बघता का जरा?"

मी गेले तेव्हा निळी पट्टी चालूच होती. त्या उजेडात मासे काळपट दिसत होते, पण ठीक वाटत होते. पट्टी बंद करून साधा पांढरा दिवा लावला, तेव्हा पंखांतून आणि शेपटीतून लाल शिरा उठलेल्या दिसल्या. एक-दोघांच्या पोटाशीही लाली होती. लाल वस्तू निळा प्रकाश जवळजवळ परत पाठवतच नाही, म्हणून निव्वळ निळ्या दिव्याखाली लाल रंग काळा दिसतो आणि केशरी माशावरची लाली तर पूर्ण लपते. आजाराचं मूळ पाण्यात होतं: फिल्टर छोटा, खाणं जास्त, पाण्यात अमोनिया साचलेला. दिव्याने मासे आजारी पाडले असं मी म्हणणार नाही, पण आजार बरेच दिवस झाकून ठेवला तो त्यानेच. पाणी थोडं थोडं बदलून काही मासे सावरले, सगळे नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही सांगते. दिवसातून एकदा तरी मासे पांढऱ्या उजेडात, शांतपणे, जवळून बघा. खरेदी करतानाही दुकानदाराला रंगीत दिवे बंद करून साध्या उजेडात मासा दाखवायला सांगा. तो कुरकुरला तरी आग्रह सोडू नका.

आता चांदण्याबद्दल. चांदणं निळं नसतं. तो चंद्रावरून परतलेला सूर्यप्रकाशच असतो, आणि मूळ उन्हापेक्षा किंचित तांबूसच. शिवाय तो फार थोडा असतो: भर पौर्णिमेलासुद्धा सुमारे 0.3 लक्सपर्यंत, आणि पुढे अमावास्येपर्यंत कमी कमी होत जाणारा. काचेला चिकटवलेली एलईडी पट्टी त्याच्या कित्येक पट उजेड रोज रात्री टाकीत ओतते. माशांना पापण्या नसतात, त्यामुळे डोळे मिटायची सोय नाही. त्यांच्या मेंदूच्या वरच्या बाजूला असलेली पिनियल ग्रंथी स्वतःच उजेड ओळखते आणि अंधार पडला की मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची खूण देणारं संप्रेरक, सोडते. बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी पर्च माशांवर केलेल्या प्रयोगांत रात्रीचा अवघा 1 लक्स उजेडही हे मेलाटोनिन दाबायला पुरला. पुढे त्यांनी निळा, हिरवा आणि लाल असे रंग बदलून पाहिले. परिणाम कमीजास्त झाला, पण तिन्ही रंगांत मेलाटोनिन दबलंच. रात्रीसाठी निर्धोक रंग शोधणाऱ्याला मी हेच सांगते: रंग बदलून अंधाराची भरपाई होत नाही.

मग हे निळं खूळ आलं कुठून? समुद्री टाक्यांमधून. खाऱ्या पाण्यात निळा प्रकाश सगळ्यात खोल पोचतो आणि प्रवाळांमध्ये राहणाऱ्या शैवालांना तो लागतो, म्हणून प्रवाळ पाळणारे लोक दिवसाचे काही तास गडद निळे दिवे लावतात. ते व्हिडिओ आपण पाहतो आणि गोल्डफिशवर निळी पट्टी लावतो. अंधाराची गरज समुद्री माशांनाही सुटत नाही. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात क्लाउनफिशची जी अंडी रात्री उजेडात ठेवली, त्यांतलं एकही फुटलं नाही. आणि गोल्डफिश तर गोड्या, संथ पाण्यातला. पालापाचोळा कुजून पिवळसर झालेल्या तळ्याच्या पाण्यात निळा प्रकाश आधी संपतो, तांबूस उरतो.

याच्याच जोडीला "माशांना लाल दिसत नाही, रात्री लाल लावा" हाही सल्ला ऐकू येतो. खोल समुद्रातल्या पुष्कळ माशांबाबत तो खरा आहे. गोल्डफिशच्या बाबतीत साफ चूक. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या 3 प्रकारच्या पेशी असतात, गोल्डफिशच्या डोळ्यांत 4, आणि त्यांतली एक आपल्यापेक्षाही लालकडे झुकलेली.

माझ्या घरी काय चालतं ते सांगते. संध्याकाळी सहाला पांढरा दिवा लागतो. नऊच्या सुमारास तो विझतो आणि मंद, उबदार पिवळसर दिवा लागतो, तोही काचेपासून लांब, खोलीच्या कोपऱ्यात. काचेशी हात धरल्यावर तळव्यावरच्या रेषा स्पष्ट दिसल्या तर उजेड जास्त झाला, हा माझा अंदाज. साडेदहाला सगळं बंद, आणि हे टायमर करतो. माणसावर सोडलं तर कुणीतरी विसरतंच. पाणवनस्पती असतील तर पांढऱ्या दिव्याचे तास सहा-आठपर्यंत वाढवावे लागतात. त्याहून जास्त ठेवले की काचेवर हिरवा थर धरतो. शैवाल निळा आणि लाल, दोन्ही प्रकाश वापरतं, तेव्हा गुलाबी दिवाही त्याला उपाशी ठेवत नाही. दिवा कुठलाही असो, रात्री हवेचा पंप मात्र बंद करू नका. अंधारात वनस्पतीही प्राणवायू घेतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी तापलं की त्यात तो मुळातच कमी मावतो.

सणासुदीला सगळ्यांत जास्त पंचाईत होते. आपल्या मराठी घरांतून गणपतीची आरास बहुतेक हॉलमध्येच असते, टाकीही तिथेच, आणि लुकलुकणारी माळ नेमकी तिच्या काचेवरून जाते. दहा दिवस मासे सतत दचकत राहतात. माळ दुसऱ्या भिंतीला घ्या, लुकलुकणं बंद करून स्थिर ठेवा. नवरात्रात गरब्याहून यायला उशीर होतो आणि घरातले दिवे रात्री दोनपर्यंत जळतात. तेव्हा टाकीच्या तीन बाजूंना जाड गडद कापड लावावं, वरची बाजू हवेसाठी उघडी ठेवावी. उशिरा आलात तर एकदम टाकीचा दिवा लावू नका. आधी खोलीतला लावा, थोडं थांबा. अंधारातून अचानक उजेडात आलेला मासा उसळून काचेवर आपटतो, झाकण नसेल तर बाहेर पडतो.

स्वस्त पट्टीचा अडॅप्टर पाण्याच्या वर, फळीवर ठेवलेला मी पाहिला आहे. तसं कधीही करू नका. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवून मग वर घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली गळून पडेल. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा.

ज्यांच्याकडे दिवा आजवर रात्रभर जळत होता, त्यांनी तो रोज तासाभराने आधी बंद करत न्यावा. निऑन टेट्रा असतील तर अंधारी रात्र काढल्यावर सकाळी त्यांचा निळा पट्टा फिका, जांभळट दिसेल. तो आजार नाही. विश्रांतीत त्यांचा रंग असाच उतरतो आणि उजेड झाल्यावर हळूहळू परत येतो. तेवढा वेळ त्यांना खाऊ घालू नका, रंग भरला की घाला.