लहान गायकवृंद आणि उपासनेचे काळ



गेल्या नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत आम्ही सहा जणांनी मोबाईलवर ऐकून बसवलेले एक अवघड गीत गायिले. महिनाभर तयारी केली होती. गाणे चुकले नाही, पण देऊळभर आमचेच सहा आवाज होते. बाकी सगळे गप्प उभे होते. मिस्सा संपल्यावर एक आजी एवढेच म्हणाल्या, "बाळांनो, आम्हाला काहीच म्हणता आले नाही." त्या एका वाक्यावरून हा लेख लिहीत आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीची घटना प्रसिद्ध केली. भाविकांनी उत्तरे, जयघोष, स्तोत्रे व गीते यांद्वारे उपासनेत सहभागी व्हावे, असे ती सांगते. पुढे ५ मार्च १९६७ रोजी उपासना-संगीताविषयी जी सूचना निघाली, तिने तर आपल्यासारख्यांची आठवण ठेवली आहे. जेथे छोटासा गायकवृंदही उभा राहू शकत नाही, तेथे निदान एक-दोन गायकांना नीट तयार करावे, त्यांनी सोपी गीते घेऊन लोकांना सोबत न्यावे, असे तिच्यात म्हटले आहे. म्हणजे आपण सहा जण कमी नाही. आपले काम फक्त नीट ओळखायला हवे.

आधी काय गावे?

आपण प्रवेशगीत, अर्पणगीत शोधण्यात सगळा वेळ घालवतो. धर्मसभेचा क्रम वेगळा आहे. धर्मगुरूंच्या अभिवादनाला लोकांनी द्यायची उत्तरे, आलेलुया, 'पवित्र, पवित्र' आणि प्रतिसाद स्तोत्र यांना आधी मान आहे. हे भाग दर रविवारी येतात. त्यांची एकच सोपी चाल ठरवली, तर दोन-तीन महिन्यांत ती लहान मुलांच्याही तोंडी बसते. नवीन गीत मग महिन्याला एक पुरे.

एका काळाला एक स्तोत्र

दर रविवारी नवे स्तोत्र बसवणे आपल्याला झेपत नाही. आगमनकाळ येतो तेव्हा धानाची कापणी-मळणी चाललेली असते. उपवासकाळात पहाटे मोहफुले वेचायला जावे लागते आणि मुलांच्या परीक्षाही असतात. सरावाला कोण येणार? धर्मसभेने यावर सोय करून ठेवली आहे. त्या रविवारचे स्तोत्र गाता येत नसेल, तर त्या काळासाठी नेमलेले एखादे सामाईक स्तोत्र गाता येते. ती स्तोत्रे अशी :

आगमनकाळ : स्तोत्र २५ किंवा ८५
नाताळ : स्तोत्र ९८
उपवासकाळ : स्तोत्र ५१, ९१ किंवा १३०
पुनरुत्थानकाळ : स्तोत्र ११८ किंवा ६६
सामान्य काळ : स्तोत्र २७, ३४, १०० किंवा १०३ यांपैकी एखादे

अशी पाचच स्तोत्रे वर्षभरात बसली, तरी आपले वर्ष निघते. एकाने चरण म्हणावा आणि लोकांनी ध्रुवपद उचलावे. आपल्या भागात भजनाला आणि दंडारीला झील धरणारे असतातच. देवळात सगळा समुदायच झील धरणारा आहे, असे समजावे.

काळाची शिस्त

आगमनकाळात व उपवासकाळात रविवारी गौरवगीत म्हणत नाहीत. आलेलुया मात्र फक्त उपवासकाळात थांबतो, आगमनकाळात नाही. ही चूक आपल्याकडे नेहमी होते. उपवासकाळात वाद्ये केवळ गाण्याला आधार म्हणून वाजवावीत, नुसते वादन करू नये. चौथा रविवार, महासण आणि सण यांना यातून सूट आहे. थोडक्यात, उपवासकाळात पेटीवर सूर धरला तरी पुरे. हा साधेपणा लहान गायकवृंदाच्या सोयीचाच आहे.

पट्टी

लोक गप्प राहतात याचे पहिले कारण बहुधा उंच पट्टी असते. गीत निवडताना त्यातला सर्वात वरचा स्वर आधी शोधा. गीताचा पल्ला पेटीच्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत, म्हणजे एक सप्तक आणि एक स्वर, एवढा असला की बहुतेकांना गाता येते. स्त्रिया त्या सप्तकात गातील आणि पुरुष एक सप्तक खाली. वरची ओळ ताणून म्हणावी लागत असेल तर पट्टी उतरवा. गायकाला शोभते ती पट्टी समुदायाला सोसेलच असे नाही.

चाल कुठली?

त्याच परिषदेने लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे असे सांगितले आहे. मराठीत हे नवे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी प्रॉटेस्टंट बांधवांना अभंग-भजनांची देणगी दिली. नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जाताना एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला होता. तो लोहमार्ग आपल्या गोंदियावरूनच जातो! ओवी आणि अभंगाची चाल शिकवावी लागत नाही, ती कानात असतेच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी विदर्भात घरोघरी पोहोचली. ती आपल्याही हाती शोभेल. मात्र सिनेमाची चाल नको. चाल ऐकताच मन पडद्याकडे जाते. गीताचे शब्दही फादरांना आधी दाखवून घ्यावेत.

या आगमनकाळासाठी

फक्त स्तोत्र २५ घेऊ या. मिस्सेपूर्वी पाच मिनिटे ध्रुवपदाचा सराव सर्वांसोबत होईल, म्हणून थोडे लवकर या. शेवटी स्वतःला एकच प्रश्न विचारू या : आज माझ्या शेजारच्याला गाता आले का?

त्या आजींना यंदाच्या नाताळात आपल्यासोबत गाता आले, तर आपली सेवा पूर्ण झाली.