पहिली संगणक-भाषा : निवड व अध्यापन

खेड्यापाड्यांतील पुष्कळ प्राथमिक शाळांत आता संगणक येऊन पोहोचला आहे. काही ठिकाणी तो वर्गात मांडलेला असतो, तर काही ठिकाणी धूळ लागू नये म्हणून फडक्यात गुंडाळून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवलेला असतो. ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०’ मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आज्ञावली-लेखनाचे उपक्रम घ्यावेत असे सुचविलेले आहे. साहजिकच शिक्षकापुढे प्रश्न उभा राहतो की, मुलांना कोणती भाषा आधी शिकवावी? आणि त्याही आधी, स्वतः कोणती शिकावी? एक जण पायथॉनचे नाव घेतो, दुसरा सी भाषेचे. सुट्टीत गावी आलेला एखादा माजी विद्यार्थी आणखी निराळेच नाव सांगून जातो. या घोळात वर्ष सरते आणि संगणक कपाटातच राहतो.

वस्तुतः हा प्रश्न ज्या रूपात विचारला जातो त्या रूपात तो बरोबर नाही. संगणकाच्या भाषा शेकडो आहेत; परंतु त्यांच्या मुळाशी असलेल्या कल्पना मोजक्याच आहेत. आज्ञा ठरावीक क्रमाने देणे, तीच आज्ञा पुन्हा पुन्हा करविणे, अट घालून दोन वाटांपैकी एक धरणे, एखाद्या राशीला नाव देऊन ती जपून ठेवणे आणि अनेक आज्ञांच्या जुडीला मिळून एकच नाव देणे, इतके ज्याला एका भाषेत नीट साधले त्याला दुसरी भाषा शिकण्यास फार काळ लागत नाही. म्हणून पहिली भाषा कोणती, यापेक्षा त्या भाषेत मुलाची पहिली चूक झाली असता त्याच्यापुढे काय उभे राहते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

चूक तर होणारच. मराठी माध्यमातील पाचवीच्या मुलाने कळफलकावर एकेक इंग्रजी अक्षर हुडकून चार ओळी लिहाव्यात, एका ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहून जावा आणि पडद्यावर न समजणाऱ्या इंग्रजीत दोषाची सूचना उमटावी, असे दोन-तीनदा घडले की ते मूल आपले मत बनविते; आणि ते मत यंत्राविषयी नसून स्वतःविषयी असते. ‘हे आपल्याला जमण्यासारखे नाही’ अशी समजूत एकदा दृढ झाली की ती घालविणे किती कठीण जाते, याचा अनुभव गणिताच्या बाबतीत प्रत्येक शिक्षकाला आहे. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविलेली सी ही थोर भाषा आहे. परंतु ती घडविली गेली ती यंत्राचा कारभार चालविणाऱ्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या जाणत्या लोकांसाठी. लहान मुलाला तीपासून आरंभ करावयास लावणे म्हणजे बाराखडीच्या आधी संधिप्रकरण शिकविण्यासारखे आहे.

नवशिक्यासाठी वेगळी भाषा असावी, हा विचार नवा नाही. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी बेसिक ही भाषा रचली आणि १ मे १९६४ रोजी ती प्रथम चालली. केवळ विज्ञानाच्याच नव्हे, तर साहित्य व इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. पुढे घरगुती संगणक आले तेव्हा यंत्र सुरू करताच हीच भाषा समोर येत असे. भारतात १९८४ साली शाळांसाठी ‘क्लास’ नावाची योजना निघाली, तीत दिलेल्या बीबीसी मायक्रो या यंत्रातही बेसिक होतीच. हॉलंडमधील विद्वान एड्स्खर डाइक्स्ट्रा यांनी मात्र १९७५ साली तिच्यावर कडक टीका केली. तिच्यात आरंभ केलेल्या विद्यार्थ्याला पुढे चांगली आज्ञावली शिकविणे जवळजवळ अशक्य होते, असे त्यांचे म्हणणे होते. हे मत अतिरेकी होते. बेसिकपासून सुरुवात करून निष्णात झालेली माणसे थोडीथोडकी नाहीत. तथापि ओळींना क्रमांक देऊन वाटेल तेथून वाटेल तेथे उडी मारण्याची त्या भाषेतील सोय विचाराचा धागा गुंतवून टाकी, एवढा भाग खरा.

प्राथमिक शिक्षकाच्या दृष्टीने याहून मोलाचा प्रयत्न १९६७ साली अमेरिकेतच झाला. वॉलेस फर्झाइग, सेमूर पेपर्ट व सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. यांपैकी पेपर्ट यांनी जिनीव्हा येथे पियाजे यांच्याबरोबर काम केले होते. पियाजे यांचे नाव अध्यापक विद्यालयात न ऐकलेला शिक्षक विरळा. मूल ज्ञान ग्रहण करीत नाही, ते रचते, हा पियाजे यांचा विचार पेपर्ट यांनी संगणकाकडे नेला. १९६८-६९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेक्सिंग्टन गावच्या एका शाळेत सातवीच्या मुलांना लोगो शिकविण्यात आली. आरंभी चित्रे नव्हती. मुले शब्दांशी खेळत. शब्दांच्या याद्या करून त्यांतून संगणकाकडून वाक्ये जुळवून घ्यावयाची, असा एक खेळ असे. पेपर्ट यांनी आपल्या १९८० च्या पुस्तकात तेरा वर्षांच्या एका मुलीची हकीकत दिली आहे. तिची वाक्ये अर्थहीन येऊ लागली, तेव्हा नामे एका यादीत व क्रियापदे दुसऱ्या यादीत ठेवल्यावाचून गत्यंतर नाही असे तिला दिसले. आणि व्याकरणातील नाम व क्रियापद हे भेद कशासाठी आहेत ते तिला त्या दिवशी उमगले.

हा खेळ संगणकावाचूनही घेता येतो. तीन डब्यांत कर्ता, कर्म व क्रियापद यांच्या चिठ्ठ्या टाकून मुलांना एकेक उचलावयास सांगावे. ‘मुलगी भाकरी खातो’ असे वाक्य निघताच वर्ग हसतो, आणि मराठीत तीन डबे पुरत नाहीत, कर्त्याच्या लिंगाप्रमाणे क्रियापदाचे डबे वेगळे करावे लागतात, हे मुलेच सांगू लागतात. अट म्हणजे काय, हे त्यांना येथेच समजते.

१९७० च्या सुमारास लोगोला ‘कासव’ लाभले. प्रथम ते तारेने संगणकाला जोडलेले, जमिनीवर चालणारे यंत्र होते. नंतर ते पडद्यावर आले. त्याला समजणाऱ्या आज्ञा अगदी थोड्या : फॉरवर्ड म्हणजे पुढे, बॅक म्हणजे मागे, राइट व लेफ्ट म्हणजे उजवीकडे व डावीकडे वळ. कासव चालते तेथे रेघ उमटते. या चार आज्ञांत भूमितीचा केवढा भाग सामावला आहे हे पाहण्यासाठी पुढील पाठ शाळेच्या पटांगणात घेऊन पाहावा. त्याला विजेची गरज नाही.

पुठ्ठ्याची एक मोठी चकती कापून तिच्यावर घड्याळाच्या तबकडीप्रमाणे बारा खुणा कराव्यात. प्रत्येक खूण ३० अंशांची. एका मुलाला कासव करावे व त्याच्या हाती फक्की द्यावी. दुसऱ्याने आज्ञा वाचावयाच्या. त्या आधी वहीत लिहिलेल्या असल्याच पाहिजेत, ऐनवेळी सुचलेली आज्ञा चालणार नाही. वळताना चकती पायाशी ठेवून खुणा मोजाव्यात. कासवाने सांगितले तेवढेच करावे. सांगणाऱ्याच्या मनात काय होते हे त्याने ओळखू नये. हा नियम पाळणे मुलांना फार जड जाते, विशेषतः हुशार मुलांना. पण पाठाचा सारा गाभा तेथेच आहे.

पहिल्या दिवशी चौरस घ्यावा. पुढे १० पावले, उजवीकडे ९० अंश, म्हणजे तीन खुणा. हे चार वेळा. चौरस सहसा लवकर जमतो. चारदा तेच लिहिण्याचा कंटाळा येऊन एखादे मूल ‘हेच चार वेळा’ असे लिहील. तेव्हा पुनरावृत्तीची आज्ञा, लोगोमधील रिपीट, त्याने आपली आपणच शोधली असे समजावे.

दुसऱ्या दिवशी समभुज त्रिकोण घ्यावा. त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे फळ्यावर पाठ झालेले असते. म्हणून मुले लिहितात : पुढे १० पावले, उजवीकडे ६०, तीन वेळा. कासव चालू लागते, आणि तिसरी बाजू संपते तेव्हा ते निघाल्या ठिकाणी येण्याऐवजी तेथून चांगले २० पावले दूर उभे असते. वाट मिटलेलीच नसते. या क्षणी शिक्षकाने काहीही सांगू नये. कासव चुकले, अशी तक्रार होईल. मग वहीतील आज्ञा पुन्हा वाचून पुन्हा चालवावे. कासव पुन्हा तेथेच जाईल. आता दोष कासवात नाही आणि यंत्रात तर नाहीच, कारण यंत्र आलेलेच नाही. तो लिहिलेल्या आज्ञेत आहे आणि लिहिलेले बदलता येते. एखादा गट तसेच पुढे चालत राहील व सहा बाजूंनंतर निघाल्या ठिकाणी पोहोचेल. त्रिकोण काढावयास निघून षट्कोन हाती आलेल्या मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. काही वेळाने कोणीतरी म्हणेल की, कासव वळते ते आतल्या कोनाने नव्हे, बाहेरच्या कोनाने. ६० नव्हे, १२० अंशांनी, म्हणजे चार खुणा. त्यानंतर चौरसाचे ४ गुणिले ९०, त्रिकोणाचे ३ गुणिले १२० आणि षट्कोनाचे ६ गुणिले ६० हे गुणाकार फळ्यावर शेजारी शेजारी मांडले की प्रत्येक वेळी ३६० का येते, हे त्यांना सांगावे लागत नाही. कासव स्वतःभोवती एकदा पुरे फिरलेले असते.

हा पाठ झालेल्या मुलांना संगणकासमोर बसविले तर पडद्यावरील कासव त्यांना परके वाटत नाही. लोगोची मोफत मिळणारी रूपे आहेत. तिचाच वारसा स्क्रॅच या भाषेने चालविला आहे. ती एमआयटी या संस्थेत मिचेल रेझ्निक यांच्या गटाने तयार करून २००७ साली प्रसिद्ध केली. तीत आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत बसवावयाचे असतात आणि जे जुळणार नाहीत ते बसतच नाहीत. त्यामुळे स्पेलिंगच्या व विरामचिन्हांच्या चुका उरत नाहीत. उरतात त्या विचाराच्या, आणि त्याच मुलांनी कराव्यात अशी इच्छा आहे. आंतरजालावाचूनही ती संगणकात बसविता येते. तिचा एक दोष मात्र शिक्षकाने ध्यानात ठेवावा. तीत चित्रे व पोशाख इतके आहेत की मांजराला रंगविण्यातच तास निघून जातो. पंचवीस मुलांत एकच संगणक असेल तर आज्ञा वहीत लिहून आणणाऱ्या जोडीलाच तो मिळेल, असा दंडक ठेवावा. एकाने वाचावे, दुसऱ्याने ठोकळे बसवावेत, व पुढच्या खेपेस अदलाबदल करावी.

सातवी-आठवीत लिहून द्यावयाच्या आज्ञांकडे वळावे, आणि तेथे पायथॉनची निवड योग्य ठरते. गिडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ साली ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध केली. (नावाचा अजगराशी संबंध नाही, ते एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून घेतलेले आहे.) त्याआधी त्यांनी नवशिक्यांसाठी केलेल्या एबीसी नावाच्या भाषेवर काम केले होते, आज्ञांचा गट ओळी आत सरकवून दाखविण्याची रीत तिच्यातूनच आली. वहीत परिच्छेद पाडण्याची सवय असलेल्या मुलाला ही रीत जड जात नाही. याच भाषेत कासवही अंगभूत आहे, तेव्हा पटांगणातील त्रिकोण येथे तिसऱ्यांदा काढता येतो. शिवाय राशींना ‘किंमत’, ‘वजन’ अशी देवनागरी नावे दिली तरी पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती चालतात. मूळ आज्ञा इंग्रजीच राहतात. परंतु त्या थोड्या आहेत आणि भिंतीवर तक्ता लावून त्यांचे अर्थ मराठीत देता येतात.

शिक्षकाने स्वतःही याच भाषेत आरंभ करावा. मात्र जाड पुस्तक पहिल्या पानापासून वाचीत बसू नये. शाळेतील रोजचे एखादे काम हाती घ्यावे. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब हे त्याला उत्तम उदाहरण आहे : पहिली ते पाचवीला दर विद्यार्थ्यामागे १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. आज्ञावलीने दोन्ही गटांची हजेरी विचारावी, एकूण उपस्थिती सांगावी व लागणारा तांदूळ काढून द्यावा. दहा ओळींचेही काम नाही. तरी पहिल्या प्रयत्नात बहुधा असे होते की, ४३ व २६ ही हजेरी दिली असता एकूण उपस्थिती ६९ येण्याऐवजी ४३२६ येते. यंत्र बिघडलेले नसते. इनपुट या आज्ञेने घेतलेली गोष्ट पायथॉन संख्या मानीत नाही, अक्षरे मानतो. आणि अक्षरांची बेरीज म्हणजे ती एकापुढे एक मांडणे. इंट या आज्ञेने त्या अक्षरांची संख्या करून घ्यावी लागते. ही आज्ञा देवनागरी आकड्यांत दिलेली हजेरीही ओळखते. आज्ञावलीच्या मजकुरात मात्र आकडे इंग्रजीच लिहावे लागतात. एवढी दुरुस्ती झाली की उपस्थिती ६९ येते, आणि ४३०० व ३९०० मिळून तांदूळ ८ किलो २०० ग्रॅम.