गुडघे दुखतात? मग बसून राहू नका

गेल्या हिवाळ्यात सासूबाई पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत आल्या तेव्हा त्यांनी जिना चढणे सोडूनच दिले होते. "जेवढा गुडघा कमी हलवावा तेवढा बरा," असे त्यांचे म्हणणे. पुष्कळांचा असाच समज असतो. पण ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे सांध्यातली कूर्चा झिजून होणाऱ्या संधिवातात, घडते उलटेच. हालचाल थांबली की मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि भार झिजलेल्या सांध्यावर येतो. दुखणे वाढते, मग माणूस आणखीच बसून राहतो.

म्हणून आधी व्यायाम. खुर्चीवर ताठ बसा. एक पाय गुडघ्यात सरळ करून समोर उचला, पाच आकडे मोजा, सावकाश खाली आणा. प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा. जमू लागले की खुर्चीचे हात धरून उठबस करा. सुरुवातीला थोडे दुखेल, त्याला घाबरू नका. मात्र वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले तर व्यायाम थोडा कमी करा. बाहेर बर्फ असेल तर मॉलमध्ये चाला. तिथे घसरायची भीती नाही.

वजनाचा हिशेब तर व्याजासारखा आहे. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की वजन एक पौंड उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार पौंडांनी हलका होतो. (मंडळाच्या जेवणात बासुंदीची दुसरी वाटी घेताना मला हे नेमके आठवते!)

उकिडवे बसणे, मांडी घालून तासन्‌तास बसणे टाळा. पूजा खुर्चीवर बसून केली तरी चालते. काठीची लाज बाळगू नका. ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी.

आता औषधे. भारतात जाताना आपण ग्लुकोसामीनच्या बाटल्या भरभरून नेतो, पण अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी ते घेऊ नये असाच सल्ला दिला. त्यापेक्षा डायक्लोफिनॅकचे जेल बरे; २०२० पासून ते इथे चिठ्ठीशिवाय मिळते. रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील, तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि जेलचेही विचारून घ्या. गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला किंवा ताप आला, तर थांबू नका, लगेच दाखवा.

सासूबाईंना दोन महिने लागले. मार्चमध्ये बेसमेंटमधले धुतलेले कपडे त्याच वर आणू लागल्या, कठडा धरून, थोडे थोडे.