गुडघ्यात ‘कट्’ झालं, आता खेळू का?

प्रश्न : गारखेड्यात मंडळाकडून हौशी कबड्डी खेळतो. महिन्यापूर्वी चढाईत बचावपटूने घोटा धरला, मी वळलो आणि गुडघ्यात ‘कट्’ झालं. तासाभरात सूज आली. आता चालता येतं, पण जिना उतरताना पाय दगा देतो. पोरं ‘म्हातारा झालास’ म्हणून चिडवतात. पुढची स्पर्धा खेळू का?

उत्तर : नाही, कृपया खेळू नका. पाऊल अडकलेलं, अंग फिरलेलं, आवाज, लगेच सूज आणि आता दगा देणारा गुडघा, यावरून एसीएल हा अस्थिबंध फाटल्याची दाट शंका येते. तो एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे ‘हाड शाबूत आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. घाटी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात दाखवा. हाताने तपासूनच बरंच कळतं, गरज वाटली तर एमआरआय. तोवर चोळणं, मालिश बंद. अशा गुडघ्यावर पुन्हा चढाई केलीत तर आतली गादीही फाटू शकते, आणि ते नुकसान कायमचं ठरू शकतं.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागत नाही, पण कबड्डीत परतायचं असेल तर बहुधा लागते. त्यानंतर किमान 9 महिने व्यायाम.

मंडळातली थट्टा प्रेमाचीच असते, हे मी जाणतो. तरी पोरांना निदान स्पष्ट सांगा. तुम्हाला दवाखान्यात तेच घेऊन येतील.