लूक 5 आणि तीर्थन नदीवरचा दिवस

आजचा शास्त्रभाग लूक 5:1-11.

एप्रिलमध्ये हिमाचलच्या तीर्थन नदीवर ट्राउट धरायला गेलो होतो. परवाना काढला, व्हिडिओ बघून फ्लाय-कास्टिंगही घोटलं. नदी मात्र अनोळखी. चार तासांत एकही मासा नाही. सोबतचा गावातला पोरगा दोनदा म्हणाला, "भैया, पास डालो." ऐकलं नाही. इंजिनिअर ना मी!

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून दगडाआड थांबतो, वाहत येणारे किडे टिपतो. लांब फेकलेली दोरी मधल्या वेगवान पाण्यात ताणली जाते. मग गळावरची पिसांची नकली माशी पाण्याबरोबर न वाहता ओढल्यासारखी घसरते, आणि मासा फसत नाही.

शिमोनाचं उलट होतं. सरोवर रोजचं, धंदा त्याचा. सांगणारा सुताराच्या घरचा. रात्र फुकट गेलेली, जाळी धुवायला काढलेली. तीच परत पाण्यात टाकायची म्हणजे पुन्हा सगळं धुणं आलं! हे आजवर कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दुपारी मुकाट्याने जवळच्या दगडामागे फ्लाय टाकली. वीतभर ब्राउन ट्राउट लागला. ओल्या हातांनी सोडून दिला. पोराला सॉरी म्हणालो, तर तो म्हणे, "एक और डालो."