‘आता घरी न्या’ म्हटले तरी उपचार संपत नाहीत



मुळशीच्या वस्त्यांमधून फिरताना एक वाक्य आम्हाला वारंवार ऐकू येते: “डॉक्टर म्हणाले, आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या.” कुणाचा कॅन्सर पसरलेला असतो, कुणी लकव्याने अंथरूण धरलेले असते. रोग बरा होणार नाही, हे खरे असेल. पण दुखणे, उलट्या, धाप, जखमेचा वास, मनातली भीती यांवर करण्यासारखे पुष्कळ असते. या उपचारांना उपशामक सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ती फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसते. केमोथेरपी चालू असतानाही ती घेता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, ही सेवा हवी असलेल्या १०० माणसांपैकी सुमारे १४ जणांनाच ती मिळते. आपल्याकडे अडते कुठे?

घरचे काय म्हणतात? “त्यांना कॅन्सर आहे हे सांगू नका, खचतील.” पण आजारी माणसाला बहुतेक वेळा कळलेलेच असते, तो फक्त एकटा पडतो. दुसरी समजूत अशी की दुखणे हे भोगणेच आहे. वेदना हा कुणाच्या कर्माचा हिशेब नाही. तथागतांनी आजारी, मळात पडलेल्या भिक्खूला आनंदासोबत स्वतः धुऊन काढले, हे आपण विहारात ऐकतो. घरातही तसेच वागायचे. आणि ही सेवा एकट्या सुनेच्या किंवा मुलीच्या अंगावर टाकायची नाही. पुरुषांनीही पाळी घ्यावी.

डॉक्टर का कचरतात? तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. पण १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने ते ठेवण्यासाठी अनेक परवाने लागत. त्यामुळे दवाखाने ते ठेवायलाच घाबरू लागले. २०१४ मध्ये कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त संस्थांना राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मंजुरी पुरेशी झाली. कायदा सुटला, मनातली भीती मात्र अजून सुटलेली नाही.

सरकारचे काय? केंद्राने २०१२ मध्ये या सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. आयुष्मान आरोग्य मंदिरांतून द्यायच्या १२ सेवांमध्ये वृद्धांची काळजी आणि उपशामक सेवा धरलेली आहे. कागदावर हक्क आहे, पण तो मागणारे कमी आहेत. केरळात शेजारीपाजारी, स्वयंसेवक आणि ग्रामपंचायती पुढे आल्या, म्हणून तिथे ही सेवा घरोघरी पोचली. त्या राज्याने २००८ मध्ये तिचे धोरणही केले.

मॉर्फिनबद्दल लक्षात ठेवा
१. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतल्यास व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते.
२. गोळी घड्याळाप्रमाणे द्यायची. साधी गोळी साधारण दर चार तासांनी असते. दुखू लागण्याची वाट पाहायची नाही.
३. बद्धकोष्ठ होतेच, म्हणून पोट साफ होण्याचे औषध सोबत मागून घ्या.
४. स्वतःहून एकदम बंद करू नका, डोस वाढवू नका, दुसऱ्याला देऊ नका. गोळ्या कुलपात ठेवा.
५. माणूस हाक मारूनही नीट जागा होत नसेल किंवा श्वास फार मंद झाला, तर लगेच दवाखाना गाठा.

घरी काय करावे? अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदला. चादरीला सुरकुती राहू देऊ नका. ओल्या स्वच्छ कापडाने तोंड पुसा. जेवणाची बळजबरी नको. “शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य; आता किती दुखतं?” असे रोज विचारा आणि आकडा वहीत लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा.

कुठे जावे? पौडहून चांदणी चौकात उतरले की वारजे जवळच आहे. तिथे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना विनामूल्य सेवा देते आणि घरच्यांना काळजी घ्यायला शिकवते. इतर आजारांसाठी औंधच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. जाताना सगळे रिपोर्ट सोबत घ्या.

काय मागावे? पौडच्या ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे आणि आपल्या ग्रामसभेत लेखी अर्ज द्या. त्यात तीन मागण्या लिहा: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची यादी करावी, नर्स व आशाताईंची घरभेट ठरवावी, मॉर्फिन तालुक्यातच मिळावे. आशाताईंना या कामाचे प्रशिक्षण आणि मोबदला मिळावा, हेही त्यात लिहा. फुकटच्या राबवणुकीवर कोणतीही सेवा टिकत नाही. अर्जाची पोच घ्या.

येत्या रविवारी विहारात एवढेच करा: आपल्या वस्तीत कोण अंथरुणाला आहे, त्यांच्याकडे कोणत्या वारी कोण जाईल, हे फळ्यावर लिहा. पाच घरांनी एक-एक वार घेतला, तरी त्या घरातल्या बाईला आठवड्यातून पाच दिवस तासभर पाठ टेकता येईल.

जयभीम.