वाकडं जुळलेलं मनगट : अनुभवाचे बोल

१. चालता चालता पडून मनगट मोडलं, तर फरशीला दोष देऊन मोकळं होऊ नये. पनवेलच्या पावसात जिना, अंगण, मंडईतली वाट सगळंच निसरडं, आपटतात सगळेच. नातू आपटतो आणि कपडे झटकून उठतो. मी साठी ओलांडलेली. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्याने झिजतात, आणि पडताना हात आपोआप पुढे जातो. सगळा भार येतो तो अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या, म्हणजे रेडियसच्या टोकावर. तिथे हाड आतून जाळीदार असतं. जाळी विरळ झाली असेल तर ते मोडतं आणि मागच्या बाजूने चुरडतंही.

२. बांगड्या, पाटल्या, अंगठ्या लगेच काढाव्यात. सूज चढली की कापाव्या लागतात, आणि सोनार घट धरतो ती वेगळीच.

३. प्लास्टर घातलं म्हणजे हाड जागेवर राहीलच असं नाही. डॉक्टर हात खेचून हाड बसवतात, त्या दिवशीचा एक्स-रे छान येतो, घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात. पण चुरडलेल्या बाजूला हाडाला टेकू नसतो. सूज उतरली की प्लास्टर सैल होतं आणि हाड हळूहळू मागे कलतं, आखूड होतं. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यातला एक्स-रे चुकवायचा नाही, दुखत नसलं तरी. सरकलंय हे तेव्हा कळलं तर काही करता येतं. पुढे ते आहे तसंच जुळायला लागतं. माझं दुसऱ्या आठवड्यात सरकलेलं दिसलं. डॉक्टरांनी प्लेट घालायचा पर्याय मांडला, माझी साखर आणि हृदयाची औषधं मांडली, आणि विचारलं, "काकू, या हाताने तुम्हाला काय काय करायचंय?" इतका नेमका प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. उजवा हात शाबूत होता, डाव्याकडून माझ्या मागण्या बेताच्या. ऑपरेशन नको म्हटलं.

४. वाकडं दिसणं वेगळं, निकामी होणं वेगळं. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस या सर्जनने १८१४ साली, क्ष-किरणांचा शोध लागायच्या ऐंशी वर्षं आधी, या मोडीचं वर्णन केलं. बाक कायम राहतो, पण हात पुढे चालतो आणि दुखणंही जातं, असं त्यांचं निरीक्षण होतं. २०११ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या डॉक्टरांनी पासष्टीपुढच्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. प्लेट घातलेल्यांचे एक्स-रे सरळ होते, मुठीत जोरही जास्त होता. पण वर्षाअखेर रोजच्या कामात दोन्ही गटांत फारसा फरक उरला नव्हता. लग्नकार्यात माझं मनगट बघून हळहळणाऱ्या बायकांना मी हे सांगत नाही. लांब बाहीचं ब्लाऊज शिवून घेते.

५. हाताची परीक्षा घरकामात होते. तळहात वर करणं सगळ्यात उशिरा परत येतं. रिक्षावाल्याकडून सुटे घेताना नाणी घरंगळायची. ओलं लुगडं पिळणं, सांडशीने भरलेलं पातेलं उतरवणं, पुरणयंत्र फिरवणं, जमिनीवरून तळहात टेकून उठणं, यांतलं काय जमतं आणि काय नाही हे फिजिओथेरपीच्या बाईंना सांगितलं की त्या व्यायाम नेमका त्याचाच देतात. करंगळीच्या बाजूचं हाड वर आलेलं असतं, तिथे पीळ देताना कळ येते. पुरणयंत्र सुनेकडे गेलं, तक्रार नाही.

६. काहींना मात्र पुन्हा सरळ करून घ्यावं लागतं. आमच्या आळीतली शिवणकाम करणारी बाई पन्नाशीची, मोडलेला हात उजवा. कात्री धरली की करंगळीकडे कळ, मूठ अर्धीच वळायची. तिचं जुळलेलं हाड पुन्हा कापलं, कमरेच्या हाडाचा तुकडा फटीत बसवला आणि प्लेट लावली. मोठं ऑपरेशन आहे. पोटाचा प्रश्न हातावर असेल तर ते करावं, फोटोत हात सरळ दिसावा म्हणून नाही.

७. प्लास्टरमध्येही बोटं आणि खांदा हलवत राहायचं. बोटं सुजून चकचकीत झाली, आग होऊ लागली, किंवा मुंग्या थांबेनात, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. हाड जुळल्यावर अचानक अंगठा वर उचलेनासा झाला तर त्याची शीर, म्हणजे स्नायूबंध तुटलेला असू शकतो. न सरकलेल्या साध्या मोडीतही असं होतं. जोरकस मालिश कुणाकडूनही नको, मग हात कितीही गुणी असो.

८. सगळे मनगटाकडे बघतात, हाडांच्या ठिसूळपणाकडे कुणी बघत नाही. मनगट बहुधा आधी मोडतं. मणका आणि खुबा पुढे रांगेत असतात, आणि खुब्याने माणूस अंथरुणाला खिळतो. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी. तिच्यात टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. आमच्याकडे तांदळाची भाकरी. तांदळात कॅल्शियम नावापुरतं, नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. मांदेली काट्यासकट खाणाऱ्यांचं बरं चाललंय. पण झिजलेल्या हाडांना नुसत्या नाचणीने भागत नाही, औषध लागतं. आठवड्याची गोळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्यासोबत. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. मोडलेल्या हाडापेक्षा हा अर्धा तास जड जातो. काहींना वर्षातून एकदा सलाईनमधून औषध देतात, काहींना सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन. हे इंजेक्शन मनानेच बंद केलं तर झीज उसळून येते, मणके दबू शकतात. बरं वाटतंय म्हणून सोडायचं औषध ते नव्हे. माझ्या मैत्रिणीने तिच्या इंजेक्शनची तारीख कालनिर्णयवर संकष्टीच्या खाली लाल शाईने लिहून ठेवली आहे.